झाडछाटणीचा धंदा नीट उभा करायचा तर: परवाना, दोर, करवत, गाडी आणि दर

मे महिना लागला की शहरातल्या सोसायट्यांना झाडं आठवतात. वळवाच्या वाऱ्यात एखादी फांदी मोटारीवर पडते आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन येतो, "उद्याच माणसं पाठवा, सगळं खाली उतरवून टाका." फोन घेणारा झाड न बघताच आकडा सांगून मोकळा होतो. कमरेला नायलॉनची दोरी गुंडाळून माणूस वर चढतो आणि संध्याकाळपर्यंत चांगल्या डेरेदार झाडाचा खांब झालेला असतो. त्या खांबाला पुढच्या दोन वर्षांत फुटणारे धुमारे आधीच्या फांद्यांपेक्षा कच्चे असतात. म्हणजे सोसायटीने पैसे मोजून धोका वाढवून घेतलेला असतो.

छाटणीचं काम पोटापाण्याचा धंदा म्हणून, माणसं ठेवून, गाडी घेऊन करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझ्या मते या धंद्यात सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. वर चढणाऱ्याला सुरक्षित खाली आणायला जेवढा खर्च येतो तेवढा दरात धरायचा, आणि त्याखाली काम घ्यायचं नाही. अवजारं कुठली, गाडी कुठली, किती माणसं, हे सगळं त्यावरून ठरतं.

आधी जमिनीवरून

झाड बघायला जाल तेव्हा करवत घरी ठेवा. लाकडी हातोडी, दुर्बीण आणि वही पुरते. सुरुवात बुंध्यापासून करा. बुंध्याशी किंवा वर आलेल्या मुळांवर लाकडासारखी कडक, तपकिरी, चकाकती भूछत्रं दिसली तर ती बहुतेक गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची असतात. गुलमोहराला हा रोग फार लागतो. मुळं आणि बुंध्याचं लाकूड आतून कुजत जातं, वर मात्र पानं हिरवीगार असतात. अशा झाडावर कुणालाही चढवायचं नाही. हातोडीने बुंधा चहूबाजूंनी ठोका. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळीचा ढब्ब आवाज यांतला फरक थोड्या सरावाने कळतो.

मग भोवतालची जमीन बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत ड्रेनेज, केबल किंवा कंपाउंडच्या भिंतीसाठी चर खणला होता का, हे वॉचमनला विचारा. त्याला समितीपेक्षा जास्त माहिती असते. एका बाजूची मुळं तुटलेलं झाड पहिल्या मोठ्या पावसात, माती भिजली की त्याच्या उलट्या बाजूला कलंडतं. खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवले असतील तर तेही वहीत टिपा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. सोसायटीला तेवढीच मोकळी जागा सोडायचा सल्ला द्या. छाटणीपेक्षा त्याचा उपयोग कित्येकदा जास्त होतो.

वर बघताना जात ओळखता आली पाहिजे, कारण प्रत्येक झाडाचं लाकूड वेगळं वागतं. शेवग्यावर चढायचंच नाही, त्याचं लाकूड ठिसूळ असतं. जांभळाची जाड दिसणारी फांदीही कडकन मोडते. जांभळं काढताना पडलेला माणूस कोकणात जवळपास प्रत्येक गावात सापडेल. गुलमोहर ठिसूळ, पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या लांबलचक आणि वजनदार, सुबाभूळ कितीही कापा पुन्हा फुटणार. वड-पिंपळाचा चीक दोरावर आणि साखळीवर चिकटतो. काजूचा चीक कातडी जाळतो, आणि बिब्ब्याच्या झाडाला तर उघड्या हाताने स्पर्शही करू नका. माडाचा शेंडा हाच त्याचा जीव असतो. तो गेला की माड गेला, म्हणून माड "थोडा कमी करून द्या" असं कुणी म्हटलं तर तसं होत नाही हे त्यांना समजावून सांगा.

दुर्बीण घरट्यांसाठी आणि पोळ्यांसाठी. पावसाच्या तोंडावर कावळे आणि बगळे घरटी करतात. पिल्लं असलेली फांदी कापणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आग्या मोहोळ दिसलं तर ते हलेपर्यंत काम पुढे ढकला. चेनसॉच्या, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीच्या, आवाजाने आणि धुराने ते उठतं, आणि दोराला लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

परवाना हातात आल्याशिवाय करवत नाही

महाराष्ट्रात महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड "तोडणे" याची व्याख्या रुंद आहे: जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे. म्हणून "आम्ही फक्त फांद्या काढल्या" हा बचाव चालत नाही, आणि झाड स्वतःच्या आवारात असलं तरी परवानगी लागते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या उद्यान विभागाकडे करायचा. सोबत सोसायटीचं पत्र, चारी बाजूंनी काढलेले फोटो आणि कोणती फांदी का काढायची आहे याचं दोन ओळींत कारण द्या. फोटोवर लाल रेघ मारून नेमका काप कुठे घेणार ते दाखवलं तर पाहणीला येणाऱ्या निरीक्षकाचं काम सोपं होतं, आणि उद्या शेजाऱ्याने तक्रार केली तर तोच कागद तुमच्या कामी येतो.

संपूर्ण झाड काढायचं असेल तर जाहीर नोटीस, हरकती, अनामत, बदल्यात लावायची झाडं, असा मोठा व्याप असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं असेल तितकी नवी झाडं लावावी लागतात. ग्राहकाला हे आधीच सांगितलं की "काढूनच टाका"चा सूर बराच मवाळ होतो.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम पाहावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन यांच्यासोबत आंबा, फणस, चिंच, जांभूळ हीसुद्धा आहेत. गोव्यात १९८४ चा वेगळा कायदा आहे. तिथे माडाला २०१६ मध्ये त्यातून वगळलं होतं आणि २०१७ मध्ये पुन्हा आत घेतलं. परवान्याचा अर्ज ग्राहकाच्या नावाने जाऊ द्या, धावपळ तुम्ही करा आणि तिचे पैसे वेगळे लावा.

माणसं

चांगली तुकडी चार जणांची: एक वर, दुसरा चढू शकणारा पण खाली थांबलेला, आणि दोन जण फांद्या ओढायला, तोडायला, रस्ता अडवायला. दुसरा चढणारा ही चैन नाही. वरचा माणूस हात कापून घेऊन, चक्कर येऊन किंवा मधमाश्यांनी चावून दोरावर लटकला, तर अग्निशमन दल येईपर्यंत त्याला तसंच ठेवता येत नाही. पट्ट्यात निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि तो लवकरच बेशुद्ध पडू शकतो. दुसऱ्याने हार्नेस, म्हणजे कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, घालून तयार असायला हवं, आणि त्याचा दोर वेगळा हवा.

माणसं शोधायची कुठे? आपल्याकडे लाकूड ओळखणारे एका बाजूला आहेत आणि दोर ओळखणारे दुसऱ्या बाजूला. पहिल्यांमध्ये पिढीजात चढणारे, बागायतीत काम केलेले, कुऱ्हाड-कोयता हातात बसलेले लोक येतात. दुसऱ्यांमध्ये सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारी मुलं. पुणे, मुंबई, नाशिककडच्या गिर्यारोहण संस्थांमधून दोराचं शिक्षण घेतलेली ही पोरं गाठी डोळे मिटून मारतात. पण फांदी कुठे फाटेल हे त्यांना कळत नाही, आणि कोयतेवाल्या काकांना हार्नेस म्हणजे अडचण वाटते. दोघांना एका तुकडीत ठेवा आणि एकमेकांचं शिकू द्या. एक फरक मात्र गिर्यारोहकांना समजावून सांगावा लागतो. कड्यावरचा ताणणारा दोर पडणाऱ्याला झेलायला असतो. झाडावर कमी ताणणारा दोर लागतो, कारण इथे माणूस सतत दोरावर भार देऊन काम करत असतो.

वर चढायचं सामान

बांधकामावर मिळतो तो पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट पडल्यावर अडवण्यासाठी असतो, बसून काम करण्यासाठी नव्हे. पाठीमागे कडी असलेल्या त्या बेल्टमध्ये अर्धा तास लटकून बघा, म्हणजे पटेल. झाडासाठी मांड्या आणि कमरेला रुंद गादी असलेला, पुढे आणि दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस घ्या. चढण्याचा दोर ११ ते १३ मिलीमीटर जाडीचा, ईएन १८९१ प्रकार 'ए' (कमी ताणणाऱ्या दोराचं युरोपीय मानक) असा शिक्का असलेला हवा. त्याची तुटण्याची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन असते. बाजारातली पिवळी-निळी नायलॉन दोरी फांद्या बांधायला ठीक आहे, माणूस बांधायला नाही. करवत चालवायच्या वेळी दोन ठिकाणी अडकलेलं असणं हा नियम: मुख्य दोर वरच्या मजबूत बेचक्यातून, आणि कमरेचा आखूड दोर खोडाभोवती. आखूड दोरात पोलादी तार असेल तर करवतीच्या ओझरत्या स्पर्शाने तो लगेच तुटत नाही.

हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच. वर मान करून काम करताना पट्ट्याविना हेल्मेट पहिल्यांदा खाली पडतं. बुटांना लावायचे लोखंडी काटे फक्त काढून टाकायच्या झाडासाठी. जिवंत ठेवायच्या झाडावर त्यांचं प्रत्येक पाऊल एक जखम असते आणि त्यातून बुरशी शिरते.

दोर रोज संध्याकाळी हातातून सरकवून तपासा. कुठे कडक, कुठे मऊ, कुठे सपाट झालेला हात लगेच सांगतो. संशय आला तर तो तुकडा तिथेच कापून फांद्या बांधायच्या कामाला लावा. दोर पेट्रोलच्या डब्याशेजारी ठेवू नका.

करवत

दोन मशीन लागतात. वर न्यायला ३० ते ३५ सीसीचं हलकं, १२ किंवा १४ इंची पट्टीचं (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी). खाली बुंधे तोडायला ६० ते ७० सीसीचं. स्टिल किंवा हुस्क्वार्ना महाग वाटतात, पण साखळीचा ब्रेक, सुटे भाग आणि दुरुस्ती यांत पैसे वसूल होतात. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ५८ सीसीचं मशीन जमिनीवरच्या लाकडाला चालेल, ते दोरावर लटकून वापरायचं काम नव्हे. आणि निम्म्याहून अधिक छाटणी, मनगटाएवढ्या फांद्यांपर्यंतची, चांगल्या ओढीच्या हातकरवतीने जास्त स्वच्छ होते. माझ्याकडे कुणी नवा शिकायला आला की पहिला पावसाळा होईपर्यंत त्याच्या हातात वर हातकरवतच असते.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं तेच ठेवा. चांगल्या तेलाला बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. स्वस्त मशिनांना पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं असतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि कार्ब्युरेटरच्या रबराला त्रास देतं. म्हणून मिश्रण आठवड्यापुरतंच बनवा. पावसाळ्यात मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, बंद पडेपर्यंत चालवून ठेवा.

साखळीला धार लावणं प्रत्येकाला आलं पाहिजे. लहान मशीनच्या साखळीला ४ मिलीमीटरची गोल कानस, मधल्याला ४.८, मोठ्याला ५.२ किंवा ५.५. दाताला साधारण ३० अंशाचा कोन, आणि प्रत्येक दाताला तितक्याच ओढी. भुसा बघा: जाडसर चिपा पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर मशीन थांबवा. बोथट साखळीवर माणूस जोर देतो, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला टेकला की करवत उलटी तोंडावर येते. वर असताना एका हाताने मशीन चालवायची सवय चढणाऱ्यांना फार पटकन लागते. ती पहिल्या दिवशीच मोडा.

काप कुठे घ्यायचा

अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ते कुजलेला भाग आतून भिंती घालून बंदिस्त करतं. त्या भिंतीची सोय फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्यात असते. आंब्याची अंगठ्याएवढी फांदी जवळून बघा. फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या बाजूला सुजल्यासारखा गोल भाग असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची सुरकुती असते. काप सुरकुतीच्या बाहेरून सुरू करून फुगवट्याच्या बाहेर संपवायचा. खोडाला घासून घेतलेला सपाट काप सुबक दिसतो, पण फुगवटा गेला की कुज सरळ खोडात उतरते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, आणि त्या खुंटावाटेही कुज आत जाते.

जड फांदी एका कापात काढायला गेलात तर ती मोडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप. पहिला खालून, खोडापासून हात-दीड हात लांब, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी इथे सुटते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फुगवट्याच्या बाहेर, आता हलक्या हाताने.

एका वेळी हिरव्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही वरची मर्यादा समजा. म्हातारं झाड असेल तर त्याहून कमी. फांदी आखूड करायची असेल तर मधेच तोडू नका. तिच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश असलेल्या बाजूच्या फांदीपाशी आणून सोडा, म्हणजे ती बाजूची फांदी शेंड्याचं काम घेते. आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून टोकाला झुपका ठेवण्याची पद्धत तर पूर्ण बंद करायला हवी. वजन टोकाला जातं, वाऱ्यात तरफ लांब होते आणि फांदी मधून मोडते.

कापावर डांबर किंवा रंग फासायला ग्राहक सांगतात. मोठ्या सावलीच्या झाडांना त्याने आतली कुज थांबत नाही. फळझाडांना बागायतदार मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, तो भाग वेगळा, तिथे त्यांच्या पद्धतीने चाला. आंब्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच उरका. ऑक्टोबरनंतर कापलात तर मोहोराच्या तोंडावरच्या काड्या जातील.

खाली उतरवणं

ओल्या लाकडाचं वजन लोक नेहमी कमी धरतात. घनमीटरला ८०० ते १००० किलो असा हिशोब ठेवा. एक फूट, म्हणजे ३० सेंटीमीटर जाडीचा आणि तीन मीटर लांबीचा ओंडका जवळपास २०० किलोचा होतो. तो दोराला बांधून एक मीटर पडू दिला तर दोराला बसणारा झटका वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणून तुकडे लहान घ्या. उतरवायचा दोर चढायच्या दोरापेक्षा जाड आणि वेगळा ठेवा. खाली बुंध्याला त्याचे तीन-चार वेढे द्या, म्हणजे घर्षणावर एक माणूस भार हळूहळू सोडू शकतो. दोर हाताला गुंडाळून धरायला सक्त मनाई.

वरचा आणि खालचा यांच्यात बोलायचे शब्द ठरलेले हवेत. आमच्याकडे वरून हाक येते, "खाली रिकामं?" खालचा मान वर करून, हात उंचावून सांगतो, "रिकामं!" तेव्हाच वरचा "फांदी!" म्हणतो आणि कापतो. उत्तर आलं नाही तर काप नाही. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नसेल तर शिट्टी: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. दोरीने अडवलेल्या जागेत मुलं आणि दुचाक्या शिरतातच, त्यामुळे एक माणूस फक्त माणसं अडवायला उभा ठेवा. शाळा सुटायच्या वेळेला मोठी फांदी घेऊ नका.

तारा

झाडातून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून लेखी परवानगीने लाईन बंद करून घ्या. वायरमनने ती तपासून, अर्थिंग लावल्याचं डोळ्यांनी बघा आणि मगच चढा. "फोन केलाय, बंद होईल" यावर कुणी चढायचं नाही. ११ किंवा २२ केव्हीच्या (हजार व्होल्टच्या) तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते, जवळ गेलेल्या ओल्या फांदीवर वीज उडी घेऊ शकते. आणखी एक धोका नवा आहे. बंद केलेल्या घरगुती लाईनमध्ये कुणाच्या जनरेटरमधून किंवा चुकीच्या जोडलेल्या इन्व्हर्टरमधून वीज उलटी येऊ शकते. अर्थिंग त्यासाठीच.

गाडी

छाटणीचा माल जागा खातो, वजन नाही. पाऊण टन माल नेऊ शकणारा छोटा हत्ती पानोऱ्याने दोनशे किलोतच भरून जातो, आणि त्याच गाडीत ओल्या ओंडक्यांचा एक थर टाकला की ती क्षमतेपलीकडे जाते. सुरुवातीला गाडी विकत घेऊ नका. खेप ठरवून भाड्याने घ्या आणि वर्षभर वहीत लिहा: कुठल्या झाडाच्या किती खेपा झाल्या. महिन्यात दहा-बारा दिवस गाडी लागायला लागली की मग बोलेरोसारखी पिकअप घ्यायचा विचार करा. तिला बाजूंना उंच जाळी बसवा आणि दोर-मशीनसाठी कुलपाची वेगळी पेटी. करवती आणि दोर एकाच गोणीत फेकलेले दिसले की त्या तुकडीकडून मी काम करून घेणार नाही.

फांद्या भरताना सगळे बुडखे एकाच दिशेला ठेवा, शेंडे दुसऱ्या दिशेला. थर झाला की वरून कोयत्याने बेचकी तोडून दाबा. कशाही टाकलेल्या फांद्यांपेक्षा निदान दीडपट माल बसतो, आणि प्रत्येक वाचलेली खेप म्हणजे थेट नफा. फांद्यांचा चुरा करणारं चिपर मशीन मोठं काम असेल तेव्हा भाड्याने आणा. तो चुरा सोसायटीच्याच झाडांच्या आळ्यात पसरला तर वाहतूकही वाचते आणि उन्हाळ्यात ओल टिकते.

लाकूड कुणाचं, हे कामाआधी लिहून घ्या, भांडणं इथेच होतात. वखारवाले घेतात, पण मुंबईत हा बाजार आकसतो आहे. २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या लवकर बदलून घ्यायला सांगितल्यापासून बेकऱ्यांकडचं गिऱ्हाईक धरून दर ठरवू नका. साग, खैर, चंदन यांसारखं लाकूड वनखात्याच्या वाहतूक परवान्याशिवाय गाडीत चढवलं तर गाडीसकट अडकाल.

दर

"झाडाला किती?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. दर दिवसाचा काढायचा आणि झाडाला किती दिवस लागतील ते बघून सांगायचा. खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत, आपल्या गावची मजुरी घालून पुन्हा मांडा.

समजा पार्किंगवर झुकलेल्या पर्जन्यवृक्षाच्या दोन फांद्या हलक्या करायच्या आहेत आणि वाळलेलं लाकूड काढायचं आहे. एका दिवसाचं काम. मुख्य चढणारा २,०००, दुसरा १,५००, खालचे दोघे प्रत्येकी ९००, मिळून मजुरी ५,३००. गाडीच्या दोन खेपा आणि माल टाकण्याची जागा, ३,०००. इंधन, तेल, साखळी आणि मशीनची झीज, ८००. विम्याचा दिवसाचा वाटा ४००. पाहणीच्या फेऱ्या, फोन, कागदपत्रं, पावसाने बुडालेले दिवस, १,०००.

राहिले दोर आणि हार्नेस. एका चढणाऱ्याचा संच ६०,००० चा धरा आणि तीन वर्षांनी बदला. वर्षाला १५० कामाचे दिवस मिळाले तर दिवसाला ₹१३३ होतात, दोघांचे २६७. ३०० धरा. एकूण बेरीज १०,८००. त्यावर वीस टक्के नफा, म्हणजे १२,९६०. सांगायचा आकडा १३,०००.

आता शेजारचा कुणी सात हजारांत करायला तयार असतो. त्याच्या हिशोबात दुसरा चढणारा नाही, विमा नाही, हार्नेस नाही, आणि फांद्या रात्री नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर पडतात. वरची यादी घेऊन बसा आणि सेक्रेटरींना ओळ-ओळ दाखवा. तुमच्या आवारात माणूस पडला तर पोलीस आधी समितीला विचारतील, हेही शांतपणे सांगा. निम्मे लोक ऐकतात. उरलेल्यांचं काम सोडून द्या. दर कमी करायचाच असेल तर काम कमी करा, एक फांदी पुढच्या वर्षी घ्या. माणूस कमी करू नका.

काही गोष्टींना वेगळे पैसे लावायलाच हवेत: तारांजवळचं काम, भिंत आणि पत्र्याच्या मधली अरुंद जागा, कुजलेलं झाड जिथे चढता येत नाही आणि पाळण्याची गाडी किंवा क्रेन आणावी लागते. क्रेनचं भाडं ग्राहकाने थेट द्यावं हे उत्तम. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तो आकडा आधीपासून नजरेत ठेवा.

पडलेली झाडं

जून ते सप्टेंबर रात्री-अपरात्री फोन येतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्यांमध्ये आडव्या माड-पोफळींचा खच पडला होता, आणि दुसऱ्या वर्षी तौक्तेने पुन्हा तेच केलं. उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड जास्त घातकी असतं. वाकून दबलेली फांदी कापली की ती उसळते. एका बाजूचे तंतू ताणलेले असतात, दुसऱ्या बाजूचे दाबलेले. दाबलेल्या बाजूला आधी छोटा काप घ्या, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू. नाहीतर पट्टी अडकते किंवा लाकूड फाटून अंगावर येतं. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांची भिंत मातीसकट परत उभी राहू शकते. त्या खड्ड्यात कुणी उभं नाही हे दोनदा बघा. घरावर पडलेल्या झाडाला अग्निशमन दल आल्याशिवाय हात लावू नका. आणि अंधारात, पावसात चढणं नाही, रस्ता सकाळी मोकळा झाला तरी चालतो.

पैसे आणि कागद

काम घेताना तीस टक्के आगाऊ घ्या, बाकी जागा झाडून दिल्यावर त्याच दिवशी. महिनाअखेरची वाट बघायला लावणाऱ्या सोसायटीला ते आधीच स्पष्ट सांगा, कारण मजुरी संध्याकाळीच द्यायची असते. परवान्याची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो आणि कुठली फांदी का घेतली याची नोंद प्रत्येक झाडाच्या नावाने ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक चक्कर फुकट मारा. कापाशी फुटलेले धुमारे, सुटलेली वाळकी फांदी, बुंध्याशी नव्याने आलेली भूछत्रं बघून सेक्रेटरींना दोन ओळी लिहून पाठवा, आणि पुढच्या मे महिन्याऐवजी फेब्रुवारीतली तारीख मागून घ्या. तेव्हा परवान्याला वेळ मिळतो, तुकडी मोकळी असते आणि झाडावर घरटी कमी असतात.